विहिरीवरचे इंजिन पुन्हा सुरू करताना : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

जुन्या शेतीयंत्रांवरील गेल्या अंकातील टिपणानंतर या सदराकडे आलेली बहुतेक पत्रे सांगली आणि सातारा या दोन जिल्ह्यांतील आहेत, याचे आश्चर्य वाटण्याचे कारण नाही. १९१० साली कुंडलजवळच्या ओसाड माळावर किर्लोस्करवाडी वसली आणि सातारा रोड या गावी सर धनजीशा कूपर यांच्या कारखान्यात लोखंडी नांगरांपाठोपाठ १९३० च्या दशकात डिझेल इंजिने तयार होऊ लागली. त्या मुलखातील गोठ्यांत आणि विहिरींच्या काठी जुनी यंत्रे पडून असणारच. निवडक पत्रांना येथे उत्तरे देत आहे. पत्रे संक्षिप्त केली असून लेखकांची नावे त्यांच्या इच्छेनुसार वगळली आहेत.

प्रश्न : आमच्या विहिरीच्या काठी पत्र्याच्या शेडमध्ये आजोबांनी घेतलेले आणि वडिलांनी वर्षानुवर्षे चालवलेले एक ऑइल इंजिन आहे. विजेची मोटर बसवल्यापासून, म्हणजे सुमारे पस्तीस वर्षे, ते बंद आहे आणि त्याचे चाक जागचे हलत नाही. येत्या दिवाळीत वडिलांचा अमृतमहोत्सव आहे. त्या दिवशी हे इंजिन त्यांच्यासमोर अचानक सुरू करून दाखवावे, अशी आम्हा भावंडांची इच्छा आहे. गावातील मिस्त्री म्हणतात, घणाचे दोन घाव घातले की मोकळे होईल. काय करावे? (तासगाव तालुका)

उत्तर : घण आधी घरात ठेवून द्यावा. अशा इंजिनाचा सांगाडा, सिलिंडर आणि हेड बिडाचे, म्हणजे ओतीव लोखंडाचे, असते आणि बीड दाब सोसते, घाव सोसत नाही. ते वाकून इशारा देत नाही, एकदम तडकते. हे मी ऐकीव सांगत नाही. तरुणपणी अशाच एका जाम इंजिनाच्या पिस्टनवर मी लोखंडी हातोडा चालवला आणि तिसऱ्या घावाला पिस्टनच्या माथ्याचा तुकडा हातात आला. त्या मापाचा पिस्टन मिळेपर्यंत दोन उन्हाळे गेले आणि ज्यांचे इंजिन होते त्या गृहस्थांनी मला त्यानंतर कधी चहा विचारला नाही.

पान्हा हाती घेण्यापूर्वी इंजिनाची चारही बाजूंनी छायाचित्रे काढावीत. पितळी पाटीवरील प्रत्येक अक्षर आणि आकडा वहीत उतरवून घ्यावा. पाटी चकचकीत करण्याच्या भरात चिंचेने किंवा खरकागदाने घासू नये, कारण उथळ कोरलेला क्रमांक त्यात पुसट होतो. कोणती नळी कुठून कुठे जाते, कोणत्या नटाखाली किती वायसर आहेत, हे सारे लिहून ठेवावे. पस्तीस वर्षांपूर्वी ज्याने हे इंजिन शेवटचे बंद केले, त्याने काही तात्पुरत्या दुरुस्त्या केलेल्या असतात. तारेने बांधलेली एखादी कळ किंवा चामड्याची कापून बसवलेली चकती कचरा समजून फेकू नये. इंजिनाला काय खोड होती, हे त्यावरूनच कळते.

आता चाक कशामुळे अडले आहे ते पाहावे. बहुतेक वेळा दोष पिस्टनचा असतो. इंजिन बंद झाले त्या वेळी एक्झॉस्टचा व्हॉल्व्ह उघड्या स्थितीत राहिला असेल आणि धुराच्या नळीचे तोंड आभाळाकडे असेल, तर प्रत्येक पावसाळ्याचे पाणी थेट सिलिंडरमध्ये उतरते आणि पिस्टनच्या रिंगा भिंतीला गंजाने चिकटतात. हेडचे नट सोडवताना प्रत्येक नटाला आदल्या दिवशी डिझेल पाजावे, थोडे घट्ट, थोडे सैल असे मागेपुढे करत काढावे. एकाच दिशेने जोर लावला तर स्टड मोडतो आणि मोडका स्टड काढणे हे स्वतंत्र प्रकरण होऊन बसते. हेड उचलल्यावर मिळालेले जुने गॅस्केट करड्या, तंतुमय पदार्थाचे असेल तर ते अ‍ॅस्बेस्टॉसचे समजावे. ते कोरडे खरवडू नये, पाण्याने ओले करून आणि तोंडाला मास्क लावून काढावे.

पिस्टनच्या माथ्यावर पॉवर स्टिअरिंगमध्ये घालतात ते पातळ तेल आणि अ‍ॅसिटोन समप्रमाणात मिसळून ओतावे. अ‍ॅसिटोन पटकन पेट घेते, म्हणून शेडमध्ये विडी-काडी नको आणि दार उघडे असावे. अ‍ॅसिटोन मिळाले नाही तर साधे डिझेलही चालते, वेळ अधिक लागतो एवढेच. दहा-पंधरा दिवस रोज पातळी पाहावी आणि कमी झाली की भर घालावी. पातळी उतरू लागली म्हणजे तेल रिंगांच्या फटीत शिरत आहे. त्यानंतर सिलिंडरच्या व्यासाला बसेल असा बाभळीचा ठोकळा कापून घ्यावा, तो पिस्टनवर ठेवून वरून हलक्या हाताने ठोकावे आणि त्याच वेळी दुसऱ्याने चाक मागेपुढे डोलवावे. आपल्याला हवी ती पहिली हालचाल केसभराचीच असते. चाकाच्या कडेवर आणि सांगाड्यावर खडूची एकेक रेघ समोरासमोर ओढून ठेवली, तर ती केसभर हालचाल डोळ्यांना दिसते. रेघा एकमेकींपासून सरकल्या की त्या दिवशी काम थांबवून पुन्हा तेल पाजावे. अधिक जोर लावण्याचा मोह त्याच वेळी सर्वांत मोठा असतो.

पिस्टन बाहेर आल्यावर सिलिंडरचे माप वर, मध्ये आणि खाली घ्यावे लागते. सांगली-मिरजेच्या लेथवाल्यांकडे हे माप घेणारे आणि लायनर, म्हणजे सिलिंडरच्या आतली नवी नळी, बसवून देणारे हात अजून आहेत. तळाच्या कढईत साचलेला काळा गाळ संपूर्ण उपसावा. सिलिंडरभोवतीच्या पाण्याच्या पोकळीत विहिरीच्या पाण्याच्या क्षारांचा थर बसलेला असतो. तो लिंबूफुलाच्या कोमट पाण्याने दोन-तीन वेळा भरून, ठेवून, ओतून दिल्यास सुटतो. डिझेलची टाकी आणि नळ्या धुवाव्यात. इंधन फवारणारे नोझल मात्र स्वतः तपासू नये, डिझेल पंप दुरुस्त करणाऱ्याकडे न्यावे. नोझलमधून निघणारी फवार इतक्या दाबाची असते की ती बोटाच्या कातडीतून आत शिरते आणि बाहेरून टोचल्याएवढीच खूण दिसत असली तरी ती जखम रुग्णालयात नेण्याची असते.

पहिल्यांदा सुरू करण्याची रीत अशी. तेल आणि पाणी भरावे, इंधनाच्या नळीतील हवा काढावी, डिकॉम्प्रेशनची कळ उचलून ठेवावी म्हणजे चाक मोकळे फिरते. हँडल धरताना अंगठा दांड्याच्या पलीकडून गुंडाळू नये, चारही बोटांच्या बाजूलाच ठेवावा. इंजिनाने उलटा झटका दिला तर हँडल हातातून निसटून जाते, अंगठ्यावर येत नाही. चाकाला पुरेसा वेग आल्यावर दुसऱ्याने कळ सोडावी. एक जड उसासा, मग दुसरा, मग धुराचा पांढरा झोत आणि त्यानंतर ठोक्यांना लय येते. पांढरा धूर इंजिन तापल्यावर नाहीसा होतो. निळा राहिला तर ते वंगण जाळत आहे, काळा राहिला तर इंधन जास्त होत आहे किंवा त्याच्यावर भार जास्त आहे.

हवेच्या नळीच्या तोंडाला बसेल अशी एक सपाट फळी हाताशी ठेवावी. बराच काळ बंद असलेल्या इंजिनाचा गव्हर्नर, म्हणजे वेग आवरणारा भाग, किंवा पंपाची दांडी कधी कधी अडकते आणि इंजिन भरधाव सुटते. सिलिंडरमध्ये वंगण शिरत असेल तर इंधन बंद करूनही ते थांबत नाही, कारण ते स्वतःचेच वंगण जाळत असते. अशा वेळी हवा तोडणे हा एकच उपाय. फळी चालते, हात किंवा कापड चालत नाही. कापड आत ओढले जाते. त्या वेळी चाकाच्या रेषेत कोणीही उभे असता कामा नये. लुगड्याचा पदर, ओढणी, उपरणे आणि धोतराचा सोगा यांनाही चाकापासून दूर ठेवावे. चाक शाफ्टवर धरून ठेवणारी पाचर बाहेर डोकावत असते आणि फिरत असताना ती डोळ्यांना दिसत नाही.

राहिला अचानकपणाचा मुद्दा, आणि येथे मी आपल्याशी सहमत नाही. आपले वडील ते इंजिन वर्षानुवर्षे चालवत होते. थंडीत त्याला किती इंधन जास्त द्यावे लागे, कळ कितव्या फेऱ्याला सोडली की ते धरत असे, कोणत्या नळीची गळती कायमची होती, ही सारी माहिती कोणत्याही पुस्तकात नाही, त्यांच्या हातात आहे. त्यांना पहिल्या दिवसापासून शेडमध्ये खुर्ची टाकून बसवावे, त्यांचे बोलणे फोनवर ध्वनिमुद्रित करावे आणि दिवाळीपूर्वी निदान आठ दिवस आधी, त्यांच्या देखरेखीखाली, चाचणी घ्यावी. अमृतमहोत्सवाच्या दिवशी डिकॉम्प्रेशनची कळ त्यांनीच सोडावी.

प्रश्न : मी विट्याच्या एका भंगाराच्या दुकानातून दोन मोठ्या चाकांचे हिरवे इंजिन विकत घेतले. विकणाऱ्याने ते अस्सल विलायती लिस्टर असल्याचे सांगितले. माझे मित्र म्हणतात, राजकोटचे आहे. कसे ओळखावे आणि राजकोटचे निघाले तर मी फसलो का? (खानापूर तालुका)

उत्तर : लिस्टर कंपनी इंग्लंडमधील ग्लॉस्टरशायर परगण्यातील डर्स्ली या गावची, १८६७ साली स्थापन झालेली. तिचे सीएस हे डिझेल इंजिन १९३० च्या सुमारास बाजारात आले. सीएस ही अक्षरे, गार असतानाही हँडलवर सुरू होते, या अर्थाची आहेत. आधी ज्या इंजिनांचा गोल माथा दिव्याने तापवून मगच सुरू करावे लागे, त्यांच्या तुलनेत शेतकऱ्याला ही मोठीच सोय होती. आरंभीचे इंजिन पाच अश्वशक्तीचे आणि मिनिटाला ६०० फेऱ्यांचे होते, पुढे सहा अश्वशक्तीचे ६५० फेऱ्यांचे आले. याच रचनेवर राजकोटच्या कारखान्यांनी इंजिने बनवली आणि ती भारतभर, एवढेच काय पण परदेशांतही, गेली.

अस्सल इंजिनाच्या पाटीवर लिस्टर आणि डर्स्ली ही नावे असतात, पण पाटी दोन रिव्हेटांवर बसते आणि ती बदलणे अवघड नाही. म्हणून पाटीपेक्षा अंगाकडे पाहावे. आरंभीच्या विलायती इंजिनांच्या हेडवर एक छोटे चाकासारखे फिरवायचे हँडल असते. ते आवळले की दहनकक्षाचा एक भाग बंद होऊन दाब वाढतो आणि गार इंजिन सहज धरते, इंजिन तापल्यावर ते सोडायचे. राजकोटच्या इंजिनांत ही सोय सहसा दिसत नाही. मूळ इंजिनांत मुख्य शाफ्ट निमुळत्या रोलर बेअरिंगांवर फिरतो, नकलांपैकी अनेकांत त्या जागी बुश, म्हणजे धातूची साधी कडी, असतात. तिसरी खूण बोटाने कळते : तळाच्या कढईच्या आतल्या कोपऱ्यांत बोट फिरवावे. राजकोटच्या अनेक इंजिनांत ओतकामाची वाळू आतून नीट झटकलेली नसते आणि बोटाला ती कचकच लागते. ती लागली तर इंजिन फिरवण्याआधी सगळे आतून धुऊन काढावे, कारण हीच वाळू तेलातून बेअरिंगांत जाते.

राजकोटचे निघाले तर आपण फार तर किमतीत फसला असाल. या भागातील विहिरींवर पाणी उपसण्याचे काम या नकलांनी विलायती इंजिनांच्या बरोबरीने केले आहे आणि इतिहास म्हणून त्यांची नोंद विलायती इंजिनांपेक्षाही कमी झाली आहे. माझ्यापुरते सांगायचे तर, ज्या कारखान्याचे नाव आज कोणाला आठवत नाही अशा राजकोटच्या इंजिनाची पाटी मला अधिक मोलाची वाटते.

आणखी एक गोष्ट तरुण वाचकांसाठी. सहा अश्वशक्तीच्या या इंजिनाच्या सिलिंडरचा व्यास ११४.३ मिलिमीटर आणि पिस्टनची धाव १३९.७ मिलिमीटर आहे, म्हणजे घनफळ सुमारे १४३३ घनसेंटिमीटर. पुढच्या पिढीतील किर्लोस्करचे एव्ही-१ हे इंजिन ८० बाय ११० मिलिमीटरचे, सुमारे ५५३ घनसेंटिमीटरचे, आणि ते पाच अश्वशक्ती देते. पण त्यासाठी त्याला मिनिटाला १५०० फेरे घ्यावे लागतात. जवळपास तेवढ्याच कामाला जुने इंजिन अडीचपट जागा घेते आणि निम्म्याहून कमी वेगाने चालते. झीज कमी होण्याचे आणि साध्या शिडकाव्याच्या वंगणावरही ते दशकानुदशके टिकण्याचे रहस्य याच ऐसपैसपणात आहे. या इंजिनाला तेलाचा फिल्टर नसतो. म्हणून आजच्या मोटारींचे मळ विरघळवणारे तेल घालण्याऐवजी साधे एकश्रेणी ३० क्रमांकाचे तेल घालावे, म्हणजे मळ तळाशी बसून राहतो, अंगभर फिरत नाही.

प्रश्न : इंजिनाला मूळचा रंग द्यावा की नवा चमकदार? (कोरेगाव)

उत्तर : जुना रंग जागेवर असेल तर कोणताच देऊ नये. डिझेलच्या बोळ्याने पुसावे, वर जवसाच्या तेलाचा पातळ हात द्यावा आणि सोडून द्यावे. हात घासून जिथे रंग उडाला आहे तिथे माणूस उभा राहत होता, हे त्या उडालेल्या रंगावरून समजते. नव्या रंगाखाली ते कायमचे जाते. रंग पूर्ण गेलाच असेल तर खुशाल द्यावा. जुना रंग कोरडा घासू नये, कारण त्यात शिसे असण्याची शक्यता असते.

प्रश्न : माझ्या सासऱ्यांची कराडजवळच्या गावात इंजिनावर चालणारी पिठाची गिरणी होती. धुराच्या नळीवर ते एक डबा अडकवत आणि त्याचा पुकपुक आवाज तीन वस्त्यांपर्यंत ऐकू जाई. आवाज आला की बायका डोक्यावर डबे घेऊन निघत. गिरणी बंद होऊन पुष्कळ वर्षे झाली, आता जागा विकायची आहे. भंगारवाला इंजिन किलोवर मागतो. नातवंडांना तो आवाज तरी ऐकवावा असे वाटते. त्या डब्याचे नेमके काय काम होते? आणि हे सामान कोणाला द्यावे? (कराड)

उत्तर : आपले पत्र मी दोनदा वाचले, कारण तो आवाज मीही ऐकलेला आहे. चार टप्प्यांच्या इंजिनात चाकाच्या दर दोन फेऱ्यांमागे धूर एकदाच बाहेर फेकला जातो. ६५० फेऱ्यांच्या इंजिनात मिनिटाला ३२५ फेकी होतात, म्हणजे सेकंदाला पाचांहून थोड्या जास्त. नळीच्या तोंडावर सैल अडकवलेल्या रिकाम्या डब्यात प्रत्येक फेक शिरली की डब्यातील हवा घुमते आणि आवाज लांब जातो. डब्याने इंजिनाच्या कामात कसलीही भर पडत नव्हती. ती गिरणीवाल्याची जाहिरात होती आणि दवंडीपेक्षा स्वस्त होती.

त्या आवाजात आणखी एक बातमी असे, ती आपल्यालाही आठवत असेल. दगडांत दाणे पडले की इंजिनावर भार येतो, वेग किंचित उतरतो, गव्हर्नर इंधन वाढवतो आणि ठोका जड होतो. दाण्यांचे खोके रिकामे झाले की ठोका पुन्हा हलका होतो. घरी चुलीपाशी बसलेल्या बाईला या फरकावरून कळे की गिरणीवर गर्दी आहे की आता गेले तर लगेच दळून मिळेल.

इंजिन देताना फक्त इंजिन देऊ नका. मधला शाफ्ट, कप्प्या, पट्टा, दगडाची जोडी, दगडाला टाकी लावण्याची छिन्नी, वजने आणि असेल तर उधारीची वही हे सगळे एकत्र राहिले तरच ती गिरणी असते. सुटे झाले की इंजिन कोणाच्या अंगणात शोभेला जाते आणि दगड तुळशीवृंदावनाशेजारी पायरी होतो. जवळचे अभियांत्रिकी महाविद्यालय, आयटीआय किंवा शेतीशाळा यांना लेखी पत्र देऊन विचारावे आणि पत्रात एक अट स्पष्ट घालावी की सामान फोडता येणार नाही. ती अट कोणी मान्य करत नसेल तर घरच्या एखाद्या शेडमध्ये ठेवणे बरे. भंगाराचा भाव आज नाही तर वर्षाने मिळेलच. बीड कुठे पळून जात नाही. नातवंडांसाठी मात्र वाट पाहू नका. एखाद्या जाणकाराकडून वर सांगितल्याप्रमाणे इंजिन मोकळे करून घ्या, डबा स्वतः अडकवा आणि आवाज शंभर पावलांवरून मुद्रित करा. जवळून घेतला तर नुसती धडधड येते, पुकपुक येत नाही.

प्रश्न : माझ्याकडील एका फार जुन्या इंजिनासाठी परदेशातून विचारणा आली आहे. पाठवता येईल का? शिवाय जुन्या मोटारींप्रमाणे याचीही नोंदणी लागते का? (मिरज)

उत्तर : जागेवर उभ्या इंजिनाची परिवहन कार्यालयात नोंदणी नसते. केंद्र सरकारने २०२१ साली केलेले व्हिंटेज वाहनांचे नियम पन्नास वर्षांहून जुन्या दुचाकी आणि चारचाकी वाहनांपुरते आहेत. परदेशी पाठवण्याचा प्रश्न वेगळा आहे. पुरावशेष आणि कलानिधी अधिनियम, १९७२ याच्या व्याख्येत गतकाळातील विज्ञान आणि कारागिरीची साक्ष देणाऱ्या, शंभर वर्षे पूर्ण झालेल्या वस्तूही येतात आणि अशा वस्तू खासगी व्यक्तीला निर्यात करता येत नाहीत. आपल्या इंजिनाच्या पाटीवरून त्याचे वय शंभराच्या आसपास दिसत असेल, तर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे लेखी विचारणा केल्याशिवाय पैसे स्वीकारू नयेत.

प्रश्न : मी यंत्र अभियांत्रिकीचा विद्यार्थी आहे. इंग्लंड-अमेरिकेत जुन्या इंजिनांचे मोठे मेळे भरतात, असे वाचले. आपल्याकडे असे काही करता येईल का? आम्ही सहा मित्र तयार आहोत. (पलूस)

उत्तर : त्या मेळ्यांची सुरुवातही अशाच मूठभर हौशी माणसांनी केली. अमेरिकेतील आयोवा राज्यातील माउंट प्लेझंट येथे १९५० पासून जुन्या मळणी यंत्रांचा मेळा भरतो. इंग्लंडमधील डॉर्सेट परगण्यातील वाफेच्या यंत्रांची जत्रा १९६९ मध्ये सुरू झाली आणि तिचा शेवटचा मेळा २०२२ मध्ये भरला. इतकी मोठी जत्रासुद्धा थांबू शकते, हे तुम्ही आधीच लक्षात घेतलेले बरे. या मेळ्यांतील मला आवडणारी गोष्ट म्हणजे प्रचंड वाफेची यंत्रे नव्हेत. एका कडेला दोरी बांधून मांडलेली लहान लहान इंजिने असतात. प्रत्येक इंजिन काहीतरी किरकोळ काम करत असते, एखादे बादलीतले पाणी बादलीतच फिरवते, एखादे मका भरडते, आणि मालक शेजारी खुर्ची टाकून तेलाची बुधली घेऊन बसलेला असतो. काम करणारे इंजिन आणि नुसते फिरणारे इंजिन यांच्या आवाजात फरक असतो. तुमच्याकडे मांडाल तेव्हा प्रत्येक इंजिनाला काम द्या : पंप, कडबा कापणी यंत्र, भुईमुगाच्या शेंगा फोडण्याचे यंत्र, उसाचा चरक.

तुम्ही पलूसचे आहात, म्हणजे किर्लोस्करवाडीचे शेजारी. मुंबईत यंत्रांचे रेखाटन शिकवणाऱ्या लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात सायकलींचे दुकान काढले, १९०३ साली लोखंडी नांगर केला. पुढे बेळगावची जागा सोडावी लागली तेव्हा औंध संस्थानचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडलजवळ जमीन दिली. आजचे किर्लोस्करवाडी स्टेशन त्या वेळी कुंडल रोड होते. कर्मवीर भाऊराव पाटील यांनीही उमेदीच्या काळात किर्लोस्करांच्या नांगरांची विक्री केली होती आणि नंतर सातारा रोडच्या कूपर कारखान्याशीही त्यांचा संबंध होता. ते कूपर पुढे १९३७ मध्ये काही महिने मुंबई प्रांताचे पंतप्रधान, म्हणजे आजच्या भाषेत मुख्यमंत्री, झाले. ही माणसे आणि ही यंत्रे एकाच रेल्वेमार्गाच्या आजूबाजूची आहेत. १९६२ मध्ये कोयनेची वीज सुरू झाली आणि त्यानंतर हळूहळू विहिरींवर मोटरी आल्या, तेव्हापासून ही इंजिने शेडमध्ये गेली. तुमच्या मेळ्याला विषय शोधायला लांब जावे लागणार नाही.

वेगळे मैदान घेण्याच्या फंदात मात्र पहिल्या वर्षी पडू नका. सातारा जिल्ह्यातील पुसेगावच्या सेवागिरी महाराजांच्या यात्रेत जनावरांचा बाजार आणि शेतीप्रदर्शन असते. तिथे येणाऱ्या साठीपलीकडच्या प्रत्येक शेतकऱ्याने कधी ना कधी इंजिनाला हँडल मारलेले आहे. अशा यात्रेत एक कोपरा मिळाला तर प्रेक्षक आणि जाणकार दोन्ही आयते मिळतात. इंजिनांसमोर एक कोरी वही ठेवा आणि पाहणाऱ्यांना, तुमच्याकडे कोणते इंजिन होते, कोणत्या साली घेतले, आता कुठे आहे, एवढेच लिहायला सांगा. ज्यांना लिहिता येत नाही त्यांच्यासाठी तुमच्यापैकी एकाने लिहून घ्यावे. माझ्या अंदाजाने त्या दोन-तीन दिवसांत तुम्हाला इंजिनांपेक्षा त्यांचे पत्ते अधिक मिळतील आणि पुढच्या वर्षीचा मेळा त्या पत्त्यांवरच उभा राहील.

सुरक्षेबाबत तडजोड करू नका. दोरी चाकांपासून निदान सहा-सात फूट दूर हवी आणि चाकांच्या रेषेत प्रेक्षकांना उभे करू नये. इंजिने अशी मांडावीत की चाकांची कड गर्दीकडे येणार नाही. डिझेलच्या आगीसाठी वाळूच्या बादल्या आणि अग्निशामक नळकांडे हवे, पाणी नको. प्रत्येक इंजिनाजवळ ते बंद कसे करायचे हे ठाऊक असलेला माणूस जेवणाच्या वेळीसुद्धा हजर हवा. वाफेचे इंजिन कोणी आणू म्हणाले तर पहिल्या वर्षी नम्रपणे नाही म्हणा. पंचवीस लिटरपेक्षा जास्त क्षमतेच्या बाष्पकाला (बॉयलरला) सरकारी नोंदणी आणि तपासणीचा दाखला लागतो, आणि तो नसताना बाष्पक पेटवणे बेकायदा तर आहेच, शिवाय जुन्या बाष्पकाच्या पत्र्याची आतून किती चाळण झाली आहे हे बाहेरून दिसत नाही.

सहा मित्रांत एकाला तरी लेथ चालवता येत असावा आणि एकाला हिशेब ठेवता येत असावा. वाहतुकीसाठी ट्रॅक्टरची ट्रॉली पुरते, पण इंजिन दोन्ही चाकांच्या मधल्या सांगाड्याला पट्टे बांधून उचलावे, चाकांना दोर लावून नव्हे. यात्रा हिवाळ्यात असते. जागेसाठी देवस्थान ट्रस्टकडे अर्ज पावसाळा संपण्याआधीच द्या, आणि अर्जासोबत दोन चालू इंजिनांची छायाचित्रे जोडा.